आधी शाळा पाहा, मग घर

घर पाहावे बांधून आणि लग्न पाहावे करून, असे आपले वाडवडील म्हणत. त्या काळी घर बांधायचे म्हणजे जागा आपलीच असे. दगड, माती, लाकूड आणि चार भाऊबंद यांची जुळवाजुळव केली, की घर उभे राही.

आता दिवस पालटले आहेत. पोटासाठी माणूस गाव सोडतो. परक्या ठिकाणी घर विकत घ्यावे लागते. तिथे ओळखपाळख नसते. मग माणूस एकच विचारतो, "स्वस्त कुठं मिळंल?"

हा प्रश्न वाईट नाही, पण तो अपुरा आहे. घरात फक्त कमावता माणूस राहत नाही. तिथे त्याची मुलेही वाढतात. घराजवळ शाळा असेल तर मुले शिकतात. शाळा लांब असेल तर आधी मुलीची शाळा सुटते. म्हणून घर घेताना दुसरा प्रश्नही विचारला पाहिजे. "इथं माझी मुलगी दहावीपर्यंत शिकेल का?"

या धड्यात आपण तेच पाहू. उदाहरण आपल्या तळवड्याचे आणि आसपासच्या गावांचे घेऊ.

१. तळवडे कसे वाढले?

तळवडे हे इंद्रायणीकाठचे शेतीचे गाव. जवळच तुकाराम महाराजांचे देहू. पूर्वी इथे शेती आणि वारी, हेच दोन उद्योग होते.

१९५४ साली पिंपरीत पेनिसिलिन करणारा हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा सरकारी कारखाना उभा राहिला. पुढे पिंपरी, चिंचवड, आकुर्डी, भोसरी या भागांत एमआयडीसी झाली. १९७० साली नगरपालिका झाली आणि १९८२ साली महानगरपालिका झाली. १९९७ साली आसपासची गावे महापालिकेत आली. त्यांत तळवडे, चिखली, मोशी ही गावे होती. मग तळवड्यात संगणकाच्या कंपन्या आल्या. नदीपलीकडे चाकणला मोटारींचे मोठे कारखाने आले.

कारखाने आले तशी माणसे आली. मराठवाड्यातून, खानदेशातून, विदर्भातून आली. परप्रांतांतूनही आली. सगळ्यांना घर हवे. जमीन मात्र तेवढीच. म्हणून दर वाढले. दर वाढले, की फसवणारेही वाढतात.

२. एका जोडप्याची गोष्ट

समजा, असे एक जोडपे आहे. नवरा चाकणला कारखान्यात आहे. गाव लातूरकडचे. मुलगी सहावीत, मुलगा दुसरीत. तळवड्यात भाड्याच्या खोलीत राहतात. बायको साक्षरता वर्गात येते. एके दिवशी नवरा घाईने घरी आला.

"अगं, जागा मिळतीय. एक गुंठा. निम्म्या दरात. एजंट म्हणतो, चार दिवसांत पैसं द्या. न्हाईतर दुसरं गिऱ्हाईक उभं हाय."

"कुठं हाय जागा?"

"जरा आतल्या अंगाला हाय. पण पुढं सुधारणा होणार हाय म्हणं."

"शाळा हाय का तिथं?"

"हाय की. चौथीपर्यंत."

"आपली पोरगी सहावीत हाय. ती कुठं जायची?"

"सहाआसनी मिळती."

"सहाआसनी मोठ्या रस्त्याला मिळती. तिथवर चालत किती लागतंय? पावसाळ्यात वाट कशी असती? संध्याकाळी दिवा असतो का?"

नवरा गप्प बसला. बायकोने पुढे विचारले,

"अहो, कागद कसला करून देणार?"

"नोटरी करून देतो म्हणतो. शंभर लोकांनी तसंच घेतलंय."

"नोटरी म्हंजे खरेदीखत न्हवं. आमच्या वर्गात बाईंनी सांगितलंय. आधी महापालिकेत जाऊन विचारा. मग पैशाचं बघू."

नवरा शहाणा होता. त्याने रागावून घेतले नाही. सुट्टीच्या दिवशी तो सातबाऱ्यावरचा गट नंबर घेऊन जाणत्या माणसाकडे गेला. पुढे महापालिकेत चौकशी केली. तेव्हा कळले, की त्या गुंठ्यावर बांधकामाला परवानगीच मिळत नाही. बायकोच्या पाच-सहा प्रश्नांनी त्यांची जन्माची कमाई वाचवली.

३. स्वस्त घराचा हिशेब

आता पाटी-पेन्सिल घ्या. हिशेब करू.

बँकेचे कर्ज वीस वर्षांचे आणि व्याज नऊ टक्के असेल, तर दर लाखाला महिना सुमारे ९०० रुपये हप्ता पडतो. हा आकडा पाठ करा. तो फार उपयोगी आहे.

समजा, पहिले घर शाळेजवळ आहे. त्याला १८ लाख कर्ज लागते.
१८ × ९०० = १६,२०० रुपये महिना.

दुसरे घर लांब आहे. ते स्वस्त आहे. त्याला १४ लाख कर्ज लागते.
१४ × ९०० = १२,६०० रुपये महिना.

दुसऱ्या घरात महिना ३,६०० रुपये वाचले, असे वाटते. थांबा. आता बाकीचा खर्च मांडा. समजा तो असा आहे.

दोन मुलांची शाळेची गाडी : २,४०० रुपये
बापाचे जादा पेट्रोल : १,००० रुपये
टँकरच्या पाण्याचा वाटा : ६०० रुपये
एकूण : ४,००० रुपये

म्हणजे स्वस्त घर महिना ४०० रुपयांनी महाग पडले!

कुणी म्हणेल, मुले मोठी झाली की गाडीभाडे संपेल. खरे आहे. पण गाडीभाडे संपेल तेव्हा मुलांची शिकण्याची वर्षेही संपलेली असतील. ती परत येत नाहीत.

प्रत्येकाचे आकडे निराळे असतील. तुमचे आकडे तुम्ही मांडा. मात्र हप्ता आणि हा सारा खर्च एकत्रच मांडा.

आणखी एक गोष्ट. बँक घराची सगळी किंमत देत नाही. २० लाखांच्या घराला जास्तीत जास्त १८ लाख मिळतील. २ लाख आपले घालावे लागतील. शिवाय सरकारी मुद्रांक शुल्क महापालिका हद्दीत सुमारे सात टक्के, म्हणजे १ लाख ४० हजार. नोंदणी फी एक टक्का, म्हणजे २० हजार. सारे मिळून ३ लाख ६० हजार रुपये हातात हवेत. घर बायकोच्या नावावर घेतले, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते. ही सवलत २०२१ सालापासून आहे. वीस लाखांवर २० हजार वाचतात आणि घरच्या लक्ष्मीच्या नावावर घर होते.

अंथरूण पाहून पाय पसरावे. हप्ता कमाईच्या तिसऱ्या हिश्श्याच्या वर जाऊ देऊ नका. ओव्हरटाइम धरून कमाई मोजू नका. ओव्हरटाइम कायमचा नसतो.

४. शाळा कशी पारखावी?

मी मुख्याध्यापक होतो, म्हणून ही गोष्ट जरा खुलासेवार सांगतो. शाळेच्या रंगावर जाऊ नका. इंग्रजी पाटीला भुलू नका. पुढील गोष्टी पाहा.

पहिली गोष्ट, मान्यता. शाळेला सरकारची मान्यता हवी. मान्य शाळेला अकरा आकडी यू-डायस नंबर असतो. तो बेधडक विचारा. शिक्षण खाते अनधिकृत शाळांची यादीही जाहीर करते. ती पाहून घ्या.

दुसरी गोष्ट, इयत्ता. शाळा कितवीपर्यंत आहे? पुढची शाळा कुठे आहे? २००९ साली शिक्षणहक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्याप्रमाणे सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक मुलाला मोफत शिक्षणाचा हक्क आहे. महाराष्ट्राच्या नियमांत पाचवीपर्यंतची शाळा एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची शाळा तीन किलोमीटरच्या आत असावी, असे ठरले आहे. पण नववी-दहावीला हा नियम नाही. पुष्कळ मुली इथेच गळतात. म्हणून हायस्कूल किती लांब आहे, हे आपणच मोजायचे.

तिसरी गोष्ट, वाट. शाळा भरायच्या वेळी घरापासून शाळेपर्यंत स्वतः चालत जा. मालमोटारींचा रस्ता ओलांडावा लागतो का? कडेला पायवाट आहे का? वाट सुनसान आहे का? नकाशावर जवळ दिसणारी शाळा पायाला लांब लागते.

चौथी गोष्ट, शिक्षक. पहिली ते पाचवीला तीस मुलांमागे एक शिक्षक हवा. वर्ग किती आणि गुरुजी किती, ते विचारा.

पाचवी गोष्ट, पाणी आणि मुलींचे स्वच्छतागृह. ते आहे का, हे पाहून भागत नाही. ते उघडे आहे की त्याला कुलूप आहे, ते पाहा. वयात येणाऱ्या मुली याच कारणाने घरी बसतात.

सहावी गोष्ट, मुलांचे वाचन. शाळा सुटल्यावर चौथीतल्या एखाद्या मुलाला प्रेमाने जवळ घ्या. त्याच्याच पुस्तकातले पान वाचायला सांगा. चार-पाच मुलांनी घडाघडा वाचले, तर शाळा चांगली चालली आहे असे समजा.

सातवी गोष्ट, पटावरच्या मुली. सातवीत मुली किती आणि दहावीत किती, हे विचारा. दहावीत निम्म्याच उरल्या असतील, तर कारण शोधा. कारण शाळेत असेल किंवा वाटेत असेल.

सरकारी शाळा म्हणजे वाईट आणि फीची शाळा म्हणजे चांगली, असे समजू नका. महापालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या किती तरी शाळांत जीव ओतून शिकवणारे शिक्षक आहेत. शाळा व्यवस्थापन समितीत बहुसंख्य सभासद पालकच असतात. तुम्हीही त्या समितीवर जाऊ शकता. आता तुम्हाला वाचता येते. समितीच्या वहीवर अंगठा न लावता वाचून सही करा.

खाजगी विनाअनुदानित शाळेत पंचवीस टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांच्या मुलांसाठी राखीव असतात. तिथे आठवीपर्यंत फी नाही. प्रवेश सोडतीने होतो. घर ते शाळा अंतर त्यात मोजले जाते. एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्याचा विचार आधी होतो. म्हणजे इथेही घराची जागा महत्त्वाची ठरते.

५. जमिनीवरच्या न दिसणाऱ्या रेषा

जमिनीवर काही रेषा असतात. त्या डोळ्यांना दिसत नाहीत, पण कचेरीच्या नकाशावर असतात. आपल्या भागात अशा दोन रेषा फार महत्त्वाच्या आहेत.

एक रेषा संरक्षण खात्याची. देहूरोडला लष्कराचे दारूगोळ्याचे कोठार आहे. कोठाराच्या भोवती दोन हजार यार्डांपर्यंत बांधकामाला मनाई आहे. दोन हजार यार्ड म्हणजे सुमारे १,८३० मीटर. यालाच लोक रेड झोन म्हणतात. तळवडे, रुपीनगर, त्रिवेणीनगर, यमुनानगर, निगडी या भागांतली काही जमीन यात येते. सगळी येत नाही. म्हणून गट नंबर घेऊन महापालिकेच्या नगररचना विभागात विचारावे. "शेजाऱ्यानं बांधलंय की!" हा पुरावा नव्हे. शेजाऱ्याचेही घर परवानगीवाचून असेल.

दुसरी रेषा नदीची. पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोचतो, तिथे निळी रेषा आखतात. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची रेषा लाल असते. ही लाल रेषा आणि वरचा रेड झोन एक नव्हेत. नावे सारखी म्हणून घोटाळा करू नका.

निळ्या रेषेच्या आत घर बांधले तर काय होते? आपल्या शेजारच्या चिखलीत मे २०२५ मध्ये ते सगळ्यांनी पाहिले. इंद्रायणीच्या निळ्या रेषेत बांधलेले ३६ बंगले महापालिकेने पाडले. हरित लवादाने तसा हुकूम दिला होता. सर्वोच्च न्यायालयातही तो कायम राहिला. बंगले पक्के होते. लोकांनी त्यांत आयुष्याची पुंजी घातली होती. तरी ते उरले नाहीत. चांगली शाळा जवळ असून काय उपयोग? घरच राहिले नाही, तर मुलांची शाळाही सुटते.

शेजारी काय चालते, तेही पाहा. ८ डिसेंबर २०२३ रोजी तळवड्यात वाढदिवसाच्या मेणबत्त्या करणाऱ्या एका विनापरवाना कारखान्यात आग लागली. तिथे काम करणाऱ्या बायका जळून मेल्या. पत्र्याच्या शेडमध्ये काय बनते, कसला वास येतो, हे विचारल्याशिवाय तिच्या शेजारी बिऱ्हाड करू नका.

६. कागद वाचा

आता तुम्हाला अक्षरे कळतात. मग कागद दुसऱ्याकडून ऐकू नका. स्वतः वाचा. समजला नाही तर वकिलाला दाखवा. वकिलाची फी घराच्या किमतीपुढे किरकोळ असते.

जमीन घेताना सातबारा आणि फेरफार पाहा. मालक कोण? बोजा आहे का? विकणाऱ्याला बहिणी असतील, तर त्यांचाही हक्क असतो. जमीन शेतीची आहे की अकृषिक, म्हणजे एनए आहे, ते पाहा. गुंठ्याने जमीन विकण्याचे नियम सरकारने वेळोवेळी बदलले आहेत. आज कोणता नियम आहे, ते दुय्यम निबंधकाच्या कचेरीत विचारा.

खरेदीखत नोंदलेलेच हवे. नुसती नोटरी, नुसते कुलमुखत्यारपत्र यांनी मालकी मिळत नाही. कुलमुखत्यारपत्राच्या व्यवहाराने मालकी येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयानेही २०११ साली स्पष्ट केले आहे.

इमारतीतले घर घेताना बांधकामाचा परवाना पाहा. राहण्यास योग्य असल्याचा भोगवटा दाखला पाहा. नवीन मोठी इमारत असेल, तर तिची महारेरा या सरकारी प्राधिकरणाकडे नोंदणी हवी. ते २०१७ सालापासून काम करते. करार नोंदण्याआधी बांधणाऱ्याला किमतीच्या दहाव्या हिश्श्यापेक्षा जास्त पैसे घेता येत नाहीत. तो जास्त मागू लागला, तर सावध व्हा.

७. मग घर कुठे पाहावे?

प्रत्येक बाजूला काही बरे असते, काही उणे असते.

निगडी-प्राधिकरण आखून वसवलेले आहे. रस्ते, बागा, शाळा चांगल्या. ज्ञानप्रबोधिनीचे नवनगर विद्यालय तिथेच आहे. पण दर सामान्य कामगाराच्या आवाक्याबाहेर गेले आहेत. तिथे घर घेता आले नाही, तरी शाळेसाठी पायी किंवा एका बसने जाता येईल अशी जागा पाहता येते.

तळवडे आणि रुपीनगर महापालिकेत आहेत. बस आहे, पालिकेची शाळा आहे. पण रेड झोन तपासल्याशिवाय पाऊल टाकू नका.

चिखली आणि मोशीत नवीन इमारती पुष्कळ आहेत. पाण्याची चौकशी करा. नोव्हेंबर २०१९ पासून शहराला दिवसाआड पाणी देणे सुरू झाले. नदीकाठ असेल तर निळी रेषा तपासा.

नदीपलीकडे निघोजे, महाळुंगे, कुरुळी, चाकण हा खेड तालुका. चाकणच्या कारखान्यांत काम असेल, तर येण्याजाण्याचा त्रास वाचतो. पण अवजड गाड्यांची वर्दळ फार आहे. मुलांची वाट नीट पाहा. महाळुंग्याला म्हाडाची घरेही झाली आहेत. म्हाडाची सोडत निघते तेव्हा अर्ज करावा. मध्यस्थाला पैसे देऊ नयेत.

तळेगाव दाभाडे थोडे लांब. पण पुणे-लोणावळा लोकल आहे. विजापूरकरांचे समर्थ विद्यालय तिथे होते. तेव्हापासून त्या गावाला शिक्षणाची ओढ आहे. नोकरी लोहमार्गाच्या जवळ असेल, तर ही बाजूही पाहावी.

यांतले कोणते बरे? सगळ्यांना एकच उत्तर नाही. ज्याची मुले लहान आहेत, त्याने शाळेजवळचे लहान घर घ्यावे. मोठे घर पुढे घेता येते. आणि शक्य असेल तर आधी एक वर्ष त्या भागात भाड्याने राहावे. एक पावसाळा, एक उन्हाळा आणि शाळेचे एक वर्ष पाहावे. आपल्या गोष्टीतल्या जोडप्याने तेच केले. हायस्कूलजवळ भाड्याची खोली घेतली. मुलगी चालत शाळेत जाऊ लागली. नवरा-बायको दर महिन्याला बँकेत पैसे टाकू लागले. घर अजून झालेले नाही. पण मुलीची शाळा चालू आहे आणि पुंजी शाबूत आहे.

घर दोन वर्षे उशिरा झाले तरी चालते. मुलीची शाळा दोन वर्षे बंद पडली, तर ती बहुधा पुन्हा सुरू होत नाही. म्हणून आधी शाळा पाहा, मग घर.

ध्यानात ठेवा

१. शाळा दहावीपर्यंत आहे का, ते पाहा.
२. वाट स्वतः चालून पाहा.
३. हप्ता, गाडीभाडे, पाणी यांचा एकत्र हिशेब करा.
४. गट नंबर घेऊन रेड झोन आणि पूररेषा तपासा.
५. नोंदलेल्या खरेदीखताशिवाय पुरे पैसे देऊ नका.
६. घाई करणाऱ्याला "नको" म्हणा.

उत्तरे लिहा

१. दर लाखाला ९०० रुपये हप्ता असेल, तर १२ लाखांना महिना किती हप्ता पडेल?
२. रेड झोन आणि नदीची लाल रेषा यांत फरक काय?
३. तुमच्या घरापासून जवळचे हायस्कूल कोणते? तिथवर चालत किती वेळ लागतो?
४. तुमच्या घराच्या कागदावर कुणाकुणाची नावे आहेत? वाचून वहीत उतरून काढा.